आबांचं पडणं

आबांविषयी बोलायला लागले की नवीन माणूस हमखास विचारतो, "कधी गेले?" मी त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलते म्हणून तसं वाटत असावं. आबा कुठंही गेलेले नाहीत. कळस गावात आमच्या शेजारच्या मळ्यात आहेत, रोज दूध घालायला स्वतः जातात आणि माझ्या धाकानं बंडीच्या खिशात खडीसाखर बाळगतात. गेलंय ते त्यांचं पडणं. त्या पडण्याविषयीच मला सांगायचं आहे. माझं आयुष्य मार्गी लागलं ते त्याच्यामुळं, आणि आबांचं जवळजवळ संपलं होतं तेही त्याच्यामुळंच.

आबांची शेती होती, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखायचे ते बैल बघून देणारे म्हणून. कुणाला जोडी घ्यायची असली की तो माणूस आधी आबांच्या ओट्यावर यायचा. मग आबा त्याच्याबरोबर बाजाराला जायचे. तिथं गेल्यावर मात्र ते जनावराकडं बघायचेच नाहीत. मालकाशेजारी बसून चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. बोलता बोलता मालकानं सहज हात वर केला की बैल डोळे मिटून मान चुकवतो का, एवढंच तिरक्या नजरेनं बघून घ्यायचे. "दात काय, कुणीबी बघंल," ते म्हणायचे. "जनावर कळतं बसताना आन् उठताना." मग मालकाला बैल बसवायला लावायचे, उठवायला लावायचे. पसंत नसलं तर नुसतं "फुडं चला" म्हणून चालू लागायचे. पसंत असलं तर मात्र तोंडातून अक्षर काढायचे नाहीत, कारण चांगलं म्हटलं की मालक चढतो. बैलाच्या पाठीवर सपाट हातानं दोन थापा मारायच्या, की बरोबरच्या माणसानं समजून घ्यायचं. आख्ख्या आयुष्यात आबांनी कुणाला तोंडावर चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यांच्या स्वतःच्या सुनेलासुद्धा नाही. तिच्या हातची भाकरी मात्र ते खाण्याआधी दोनदा थापटायचे.

मग घरोघरी ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. आबांची नजर रिकामी पडली. अशी नजर स्वस्थ बसत नाही. ते दिसेल ते पारखायला लागले. आमच्या घरी फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हौसेनं आबांना बारामतीला नेलं. आबा दुकानात गेले, स्टूल मागून घेतलं आणि एका फ्रिजला कान लावून बसले. दुकानदार रंग सांगत होता, कप्पे दाखवत होता. आबा म्हणाले, "तुमी जरा गप ऱ्हावा, त्याला बोलू द्या." जेवणाची वेळ झाली तरी ते उठेनात. शेवटी दुकानदारानंच वैतागून सांगितलं, "आबा, हा राहू द्या, तो पलीकडचा घ्या, ह्याची एकदा दुरुस्ती झालीय." तो पलीकडचा फ्रिज आमच्याकडं अजून चालू आहे.

पडण्याची सुरुवात झाली माझ्या चुलत बहिणीच्या लग्नापासून. मुलगा सांगवीचा होता. बघायला गेलेल्या मंडळींत आबाही होते. पोहे झाले, देणंघेणं निघालं, आणि हातात चहाची कपबशी घेऊन अंगणातून निघालेले आबा धाडकन पडले. सगळे उठले. मुलगा पळत आला, त्यानं आबांचं डोकं मांडीवर घेतलं, गुंडी सोडली. मुलाचे वडील आले आणि त्यांनी आधी कप उचलून कान फुटलाय का बघितला. आबांनी डोळे किलकिले करून दोन्ही बघितलं, मग उठून धोतर झटकलं आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले. परतीच्या वाटेवर चुलत्यांना म्हणाले, "पोरगं द्येण्यासारखं हाय. पर सासऱ्यापास्नं जरा लांब ऱ्हावा म्हणावं." ती दोघं भिगवणला वेगळी राहतात आणि सुखात आहेत.

पडणं ही आबांची कलाच होती. तरुणपणी ते तालमीत होते आणि तिथं सगळ्यात आधी पडायला शिकवतात म्हणे. कुठंही, कसेही पडले तरी त्यांना खरचटत नसे. एकच गोष्ट त्यांना जमायची नाही. सोंग चालू असलं की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आपोआप हलत राहायचा. ते माझ्या लक्षात पुढं पुष्कळ दिवसांनी आलं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

आता माझं सांगते. बारावीला मला मार्क बेताचे पडले. सरकारी नर्सिंगला नंबर लागला नाही. घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली. त्या दिवसांत एकदा मी आण्णांबरोबर गाडीवरून भिगवणहून येत होते. डाळजजवळ हायवेला एक पिकअप उलटला होता. गर्दी जमलेली, जो तो ओरडत होता, "उचला, उचला, गाडीत घाला." आणि मध्ये डांबरावर गुडघे टेकून एक बाई बसली होती, निळ्या कपड्यातली, माझ्याहून फार मोठी नसावी. ड्रायव्हरचं डोकं तिनं दोन्ही हातांत सरळ धरलं होतं आणि ती त्याच्याशी हळू बोलत होती. एकजण पुढं झाला तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही." तो थांबला. सगळेच थांबले. आमच्याकडं एवढे पुरुष एका बाईच्या शब्दानं जागच्या जागी उभे राहिलेले मी तोवर बघितले नव्हते. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

ॲम्ब्युलन्सवर काम करायचं तर त्याचा वर्षाचा कोर्स असतो, एवढी माहिती मी काढली. आण्णांना सांगितलं. ते उठून गोठ्यात जाऊन आले. मग म्हणाले, "एक वर्स. एकच कोर्स. त्यातनं नोकरी लागली तर तुझं तू बघ. न्हाय लागली तर फुडं मी म्हनंल तसं." यात अन्याय होता असं मी म्हणणार नाही. माझ्याच वर्गातली एक मुलगी असलाच कोर्स करून आली होती. तिच्या सर्टिफिकेटला कुठं कुणी विचारलं नाही आणि ती आता औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापून देत होती. मला एकदाच निवडायचं होतं आणि ते चुकलं की मी सरळ बोहल्यावर. धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

माझ्या मनात बारामतीचा एक क्लास भरला होता. माझी मैत्रीण तिथं जाणार होती आणि त्यांच्या जाहिरातीत निळे कपडे होते. शिवाय इंदापुरात एका दवाखान्याच्या मागं एक क्लास चालतो असं ऐकलं होतं, पण त्याची जाहिरात कुठंच नव्हती. आण्णांच्या रानात ऊसतोडणीची टोळी उतरली होती, त्यांना हलता येईना. ते म्हणाले, "आबास्नी घिऊन जा. ते बगून सांगत्याल." माझा चेहरा पडला. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जा गं. तुझ्या बाला एकट्या आबांचंच पटतं."

एसटीत आबांनी मला एकच प्रश्न विचारला. "तितं शिकीवत्यात काय?"

मी म्हटलं, "माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला जगवायचं कसं, ते."

"मंग बगाय सोपं हाय," म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

बारामतीचा क्लास मोबाईलच्या दुकानाच्या वर होता. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हेलिकॉप्टरमधून पेशंट उतरवतानाचं पोस्टर. टाय लावलेले एक सर आमच्याशी फार गोड बोलले. शेवटी नोकरी नक्की, असं म्हणाले. मी मनातल्या मनात निळे कपडे घालून बसले होते. आबांनी सरांकडं बघितलंच नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या रबरी माणसावर होती, छाती दाबायचा सराव करायला असतो त्यावर. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीवर धूळ होती.

"ह्येच्यावर पोरं कवा शिकत्यात?" आबांनी विचारलं.

"परीक्षेला काढतो आम्ही," सर म्हणाले. "महाग वस्तू आहे, आबा."

आबा उठले, पाणी प्यायला म्हणून दाराकडं गेले आणि वर्गाच्या तोंडाशी आडवे झाले.

पुढचं आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. आतून मुलं आली आणि गोल करून उभी राहिली. एकानं मोबाईल काढला. कुणीतरी तांब्या आणून आबांच्या तोंडात पाणी ओतायला लागलं, ते नाकात गेलं. शिपायानं आपली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. सर खुर्चीच्या मागं जाऊन फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही, आपल्याकडं काही झालं नाही, म्हातारा येतानाच आजारी होता." त्या एवढ्या लोकांत आबांना श्वास आहे का, हे कुणी बघितलं नाही. मला खरं काय ते माहीत होतं, तरी मला रडायला आलं.

आबा शिंकत उठले. धोतर झटकलं. "फुडं चला," म्हणाले.

जिन्यावरून मी त्यांना मागं टाकून उतरले. स्टँडवर गेल्यावर मात्र तोंड सोडलं. म्हटलं, "आबा, तो फ्रिज नव्हता. माझा क्लास होता. आता मला तिथं कोण घेणार?"

ते शांतपणे नाक पुसत म्हणाले, "तितं जाऊन तू काय शिकणार हुतीस, चप्पल हुंगवाया?"

इंदापूरची गाडी लागली होती, तिच्यात बसलो.

इंदापूरला उतरल्यावर आबा लघवीला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा मिशीला पाक लागलेला होता. मी रागात होते, तिकडं लक्ष दिलं नाही. दवाखाना साधाच होता. मागच्या बाजूला पत्र्याचा मोठा हॉल, पूर्वी कांद्याचं गोडाऊन असावं, वासावरून कळत होतं. आत मुलंमुली फरशीवर गुडघ्यांवर बसली होती आणि रबरी माणसाच्या छातीवर आळीपाळीनं जोर देत होती. त्या रबरी माणसाचा रंग उडालेला, एक कान तुटलेला. घामाघूम झालेल्या एका मुलाला एक ठेंगण्या, जाड मॅडम सांगत होत्या, "दमलास की सांगायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. थांबायचं नाही." आमच्याकडं बघून त्या म्हणाल्या, "बसा. झालं की बोलते."

बसतील तर ते आबा कसले. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि तिथंच कोसळले. मी कपाळावर हात मारला.

हॉलमधला आवाज थांबला. एक मुलगी उठून आली, आधी इकडंतिकडं बघितलं, मग आबांच्या शेजारी टेकली, खांद्यावर थोपटून मोठ्यानं म्हणाली, "आबा, ऐकू येतंय का? डोळे उघडा." त्यांच्या नाकाशी गाल नेला, छातीकडं बघितलं. "श्वास आहे," तिनं मागं सांगितलं. दुसऱ्या एका मुलानं दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. तिसरी माझ्याकडं वळली. "तुमचे कोण? औषधं काय चालू आहेत? साखर आहे का? शेवटचं कधी खाल्लं?"

"साखर आहे," मी म्हटलं. "गोळी आठवेल तेव्हा घेतात. पण हे खरं..."

"थांबा," ती म्हणाली, आणि तिनं आबांच्या बोटाला सुई टोचली.

"आयाई गं," आबा ओरडले आणि उठायला लागले. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी एकदाच बघितलं आणि सगळं ओळखलं.

"उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "पडलात ना? मग आता आम्ही सोडेपर्यंत तुम्ही पेशंट. पोरांनो, मानेला पट्टा लावा, फळीवर घ्या."

"आवं बाई, मला काय न्हाय झालं."

"पायरीवर पडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो."

आबांच्या मानेला पट्टा बसला. त्यांना एका अंगावर वळवून खाली फळी सरकवली, छातीवर, कमरेला, पायांना पट्टे आवळले. मग मॅडमच्या "एक, दोन, तीन"वर सगळ्यांनी एकदम उचललं आणि बाहेरच्या ॲम्ब्युलन्समध्ये नेऊन ठेवलं. आबा फक्त डोळे फिरवू शकत होते. ते मला शोधत होते आणि मी, खरं सांगते, पोट धरून हसत होते.

"मॅडम, ते सोंग करत होते," मी गाडीपाशी जाऊन सांगितलं. "तुम्हाला कळलं होतं ना?"

"मला कळलं. मुलांना कळलं नाही आणि कळायची गरजही नाही," मॅडम म्हणाल्या. "सोंग करतोय की खरं, हे रस्त्यावर ठरवत बसायचं नाही. पडला की सुरू करायचं. सोंग निघालं तर हसून घरी यायचं." मग साखर तपासायच्या यंत्रातला आकडा बघून त्यांचा आवाज बदलला. "आबा, सकाळपासून काय खाल्लं?"

आबांनी डोळे मिटून घेतले.

"जिलेबी," मी म्हटलं. मिशीवरच्या पाकाचा अर्थ मला तेव्हा लागला.

मॅडमनी त्यांना बांधलेल्या अवस्थेतच फैलावर घेतलं. साखर इतकी वर होती की त्याच दिवशी पुढच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवून गोळ्या बदलून घ्याव्या लागल्या. परीक्षा घ्यायला गेलेला माणूस नापास होऊन बाहेर आला. मॅडमनी मला मात्र बसवून नीट समजावलं. परीक्षा बाहेरचे लोक येऊन घेतात, शेवटचे काही महिने दवाखान्यात आणि गाडीवर प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि नोकरीची खात्री त्या देत नाहीत. "नोकरी तुझ्या हातांवर आहे," म्हणाल्या. मागच्या मुलांपैकी कोण कुठं लागलंय ते फोन लावून विचारायला सांगितलं. मी विचारलं. बहुतेक जण गाडीवर होते, एकाचं तर पाठीमागं भोंगा वाजत असतानाच बोलणं झालं.

पट्टे सुटल्यावर आबा त्या फळीपाशी गेले. सपाट हातानं फळीवर दोन थापा मारल्या. एवढंच. परतीच्या एसटीत मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी लागली होती. निळ्या कपड्यांच्या पोस्टरवाल्या क्लासात माझं वर्ष गेलं असतं आणि वर्षाबरोबर सगळंच, हे कळल्यावर अंगातून ताण असा उतरला की मी खिडकीला डोकं टेकून कळस येईपर्यंत झोपले. आण्णांना आबांनी सांगितलं, "तितं पडाय हरकत न्हाय." आण्णांना तेवढं पुरलं.

वर्षभर मी शिकत होते आणि वर्षभर आबा पडत होते. मॅडमचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं, गोळी कधी चुकवत नसत, पण माझी परीक्षा घेण्याचा हक्क काही सोडत नसत. मी सुट्टीला आले की ते कुठं आडवे होतील याचा नेम नसे. बांधावर, देवळाच्या पायरीशी, दूध डेअरीच्या ओट्यावर. एकदा तर गावातल्या एका लग्नात, अक्षता पडायच्या ऐन वेळी. मी नवी साडी नेसले होते. मांडवातले लोक हसत होते आणि मी गुडघे टेकून विचारत होते, "आबा, ऐकू येतंय का?" डाव्या पायाचा अंगठा हलत होता. मी तो बघितला आणि तरी सगळं शेवटपर्यंत केलं, कारण मॅडमनी हाताला तसं वळण लावलं होतं. आबा उठून म्हणाले, "आज मान धरायची ऱ्हायली." मला त्यांचा इतका राग आला की मी जेवायच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसले नाही. "आबा पडले" ही गावात करमणुकीची गोष्ट झाली होती. ते दिसले की पोरंटोरं "आबा, पडा की" म्हणायची, आणि मोठी माणसं त्यांना ओलांडून जायची.

पास झाले. नोकरी लागली. हायवेच्या गाडीवर माझी ड्युटी असायची. आण्णा स्थळांचं बोलेनासे झाले, उलट पाहुण्यांना माझ्या पाळ्यांच्या वेळा सांगत बसायचे.

त्या संध्याकाळी मला सुट्टी होती. संकष्टी होती. मी दूध घालायला डेअरीवर गेले तर ओट्याशेजारी लिंबाखाली आबा पडलेले. कॅन मोजणारा हसत म्हणाला, "आलीस? तुझी परीक्षा कवाची वाट बगतीया." माश्या बसू नयेत म्हणून कुणीतरी आबांच्या तोंडावर त्यांचीच टोपी ठेवली होती. शेजारी माणसं फॅटच्या चिठ्ठ्या घेऊन गप्पा मारत उभी होती.

मी दमले होते. रात्रपाळी करून आले होते. "उठा आबा, मला सुट्टी हाय आज," असं म्हणत म्हणतच मी खाली बसले, टोपी बाजूला केली आणि खांद्यावर थोपटलं. "आबा, ऐकू येतंय का?" बंडी घामानं चिंब होती आणि अंग गार. श्वास होता. पुन्हा थोपटलं, चिमटा काढला. मग मी त्यांच्या पायाकडं बघितलं.

अंगठा हलत नव्हता.

मी घाबरले. पण हात आपलं काम करत होते. आबांना कुशीवर वळवलं, एकाला गाडीला फोन करायला लावला, एकाला त्यांच्या घरी पिटाळलं, साखर तपासायचं यंत्र आणायला. मॅडमनीच त्यांना ते घ्यायला लावलं होतं. लोकांच्या अजून लक्षात येत नव्हतं. मग आबांची सून यंत्र घेऊन धावत आली, तिच्या पायात चप्पलही नव्हती. तिला बघून सगळे जवळ सरकले.

"सकाळी गोळी घेतली का?" मी विचारलं.

"घेतली की. चुकवायची न्हाय म्हनत्यात. पर संकष्टी हाय, चंद्र निघंस्तवर तोंडात काय घालनार न्हाईत," ती म्हणाली. उपाशी पोटी तीच गोळी साखर पार खाली ओढते.

यंत्रानं आकडासुद्धा दाखवला नाही, साखर फार उतरलीय एवढंच दाखवलं. कॅन मोजणाऱ्यानं साखरपाण्याचा पेला आणला. मी तो मागं ढकलला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. एकजण तरी म्हणालाच, "अगं, घोटभर..." आणि मी मान वर न करता म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही." सगळे थांबले. ते शब्द कुठून आले हे मला नंतर आठवलं. गाडी येईपर्यंत मी आबांच्या नाकाशी हात धरून बसले होते. ज्यानं टोपी तोंडावर ठेवली होती तो लिंबाला टेकून रडत होता. "मला वाटलं रोजचंच हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गाडी आली. डॉक्टरांनी शीर धरली, मी बाटली धरली आणि साखर थेट रक्तात जायला लागली. आबांना फळीवर घेतलं, पट्टे आवळले, इंदापूरच्या रस्त्याला लागलो. थोड्या वेळानं त्यांच्या पापण्या हलल्या. मग डोळे उघडले आणि पहिल्यासारखेच मला शोधत फिरले. मी पुढं वाकले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. इतकं हलकं मला त्या एसटीतसुद्धा वाटलं नव्हतं.

"पोरी," ते पुटपुटले, "आज म्या सोंग न्हवतं केलं."

"माहीत हाय, आबा."

"तुला कवा कळलं?"

अंगठ्याचं सांगता आलं असतं. पण ते खरं झालं नसतं.

"कळायच्या आधीच सुरू केलं हुतं," मी म्हटलं.

त्यांनी पट्ट्याखालचा हात हलवून बघितला. मग म्हणाले, "ह्यो हात सोड जरा."

"नियमात बसत न्हाय."

"सोड म्हनतोय न्हवं."

मी डॉक्टरांकडं बघितलं आणि सलाईन नसलेल्या हाताचा पट्टा ढिला केला. आबांनी तो हात उचलला, लटपटत माझ्या खांद्यावरून मागं नेला आणि माझ्या पाठीवर सपाट पंज्यानं दोन थापा मारल्या. थापांत जोर मुळीच नव्हता.

मग मी तो हात धरून परत पट्ट्यात घातला आणि पट्टा आवळला.